कोलंबोचे केंद्र, मुंबईचा स्टुडिओ आणि आपण

१६ डिसेंबर १९२५ रोजी कोलंबोहून रेडिओचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले. त्याची शंभरी झाली म्हणून पेण आणि रोहे तालुक्यांतल्या जुन्या श्रोत्यांनी स्मरणिका काढायचे ठरवले, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारले की श्रीलंकेच्या सरकारी रेडिओचे आपल्याला काय एवढे? प्रश्न रास्त आहे. पण ज्यांनी तो रेडिओ ऐकला त्यांना तो कधी परक्या देशाचा वाटलाच नाही, आणि त्याला कारणही आहे. रेडिओ सिलोनचा जो काळ आपल्याकडे आठवला जातो, त्याचा निम्मा इतिहास कोलंबोत घडला आणि निम्मा मुंबईत. सरकारी प्रक्षेपण केंद्र एका बेटावर, कार्यक्रम बनवणारी खासगी मंडळी समुद्राच्या अलीकडे, पैसा जाहिरातदारांचा आणि श्रोते गावोगावचे, अशी ती संस्था होती. म्हणून तिचा इतिहास इथे बसून लिहिण्यात काही वावगे नाही.

सुरुवात एका इंजिनिअरने केली. एडवर्ड हार्पर हे सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, तार खात्याचे मुख्य अभियंते. पहिल्या महायुद्धात पकडलेल्या एका जर्मन पाणबुडीतल्या बिनतारी यंत्राचे सुटे भाग वापरून त्यांनी प्रयोगाचा ट्रान्समीटर उभा केला, असे सांगितले जाते. प्रयोग जमला आणि वर्षा-दोन वर्षांत नियमित केंद्र सुरू झाले. बीबीसी त्याच्या आधी तीनच वर्षे निघाली होती. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झाले, म्हणजे कोलंबोनंतर. ती कंपनी खासगी होती. तीन वर्षांत तिचे दिवाळे वाजले, १९३० मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्याचे नाव ऑल इंडिया रेडिओ झाले. आपल्याकडे रेडिओ खासगीतून सरकारी झाला आणि मग कित्येक दशके फक्त सरकारीच राहिला. सिलोनमध्ये तो पहिल्यापासून सरकारी होता, पण पुढे त्याने खासगी पैशाला आणि खासगी माणसांना दार उघडले. पुढचे सगळे या फरकातून घडले.

दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडचे मुख्यालय कँडीला आले. दूरवर पसरलेल्या सैनिकांपर्यंत बातम्या आणि गाणी पोचवायला त्यांना दणकट केंद्र हवे होते. कोलंबोच्या उत्तरेला एकला नावाच्या ठिकाणी १०० किलोवॉटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर आला तो त्यासाठी. युद्ध संपले, सैन्य गेले आणि यंत्र बेटाच्या सरकारकडे आले. ४ फेब्रुवारी १९४८ ला सिलोन स्वतंत्र झाला तेव्हा त्याची लोकसंख्या कोटभरही नव्हती. आपल्या माणसांपर्यंत पोचायला लागते त्याच्या कितीतरी पट ताकदीचा आवाज त्या छोट्या देशाच्या हाती पडला होता.

त्याचे करायचे काय, याचे उत्तर ३० सप्टेंबर १९५० ला मिळाले. त्या दिवशी रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. ती उभी करणारे क्लिफर्ड डॉड हे ऑस्ट्रेलियन. राष्ट्रकुलातल्या देशांनी आशियाच्या उभारणीसाठी आखलेल्या कोलंबो योजनेतून त्यांना पाठवण्यात आले होते. (त्या वर्षांत भारताचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचे बालपण आपल्या रोह्यात गेले. कोलंबो योजनेचे नाव तेव्हा त्यांच्या टेबलावर रोजचे असणार.) बेटावर जाहिरातदार मोजके आणि बाजारही लहान. पण उत्तरेला समुद्र ओलांडला की कोट्यवधी श्रोते होते आणि त्यांना माल विकू पाहणाऱ्या कंपन्याही होत्या. डॉड यांनी ते ओळखले. सरकारी केंद्राची वेळ विकायची, त्या वेळेत काय वाजवायचे ते प्रायोजकाच्या माणसांनी बनवून द्यायचे आणि प्रक्षेपणाची जबाबदारी केंद्राची, अशी वाटणी ठरली. तमिळ सेवेने तमिळनाडू काबीज केला. हिंदी सेवा मुंबईपासून पंजाब-बिहारपर्यंत पोचली.

आता पेणमध्ये कोलंबो इतका स्वच्छ का लागायचा, हे तरुण वाचकांना सांगायला हवे. आपल्याजवळच्या मुंबईचे केंद्र मीडियमवेव्हवर, जमिनीलगत येणारे. शॉर्टवेव्हच्या लहरी वर जातात, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावर आपटतात आणि लांब कुठेतरी खाली उतरतात. मधला पट्टा कोरडाच राहतो. पेणहून कोलंबो सरळ रेषेत सुमारे १,५०० किलोमीटर, म्हणजे एका उडीत गाठायला अगदी सोयीचे. एकल्याहून निघालेली लहर दक्षिण भारताच्या डोक्यावरून येऊन कोकणात उतरायची. २५, ३१, ४१ मीटर हे लहरपट्ट्यांचे आकडे त्या पिढीला पाढ्यांसारखे पाठ. संध्याकाळ झाली की एक पट्टा विरायचा आणि दुसरा जोर धरायचा. काटा केसभर इकडेतिकडे झाला की चिनी किंवा अरबी आवाज घुसायचा. आवाज लाटेसारखा वर चढायचा आणि पुन्हा खाली जायचा, आणि गाण्याचा अंतरा बुडाला तर मनातल्या मनात पुरा करायचा, ही सवय अंगवळणी पडली होती.

यंत्र चांगले आणि अंतर सोयीचे, तरी एवढ्याने रेडिओ सिलोन घरोघर पोचला नसता. त्याला मोठा हातभार दिल्लीने लावला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. केसकर मराठी गृहस्थ, संगीताचे जाणकार, आणि चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडते आहे असे त्यांचे प्रामाणिक मत. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली, गाणी तपासून निवडली जाऊ लागली, आणि जाहिरात होते म्हणून चित्रपटाचे नाव सांगणेही बंद झाले. निर्मात्यांनी चिडून गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. काही महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले.

केसकरांना खलनायक ठरवण्याची रीत पडली आहे. ती मला मान्य नाही. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला. रेडिओ संगीत संमेलनही त्यांच्याच काळातले. शेकडो गवई-वादकांना आकाशवाणीने पोटाला लावले ते त्याच धोरणाने. मराठी भावगीताला त्या वर्षांत जी मोकळी जागा मिळाली तिच्यातूनच पुणे केंद्रावर १९५५-५६ मध्ये गदिमा आणि सुधीर फडके यांचे ५६ गीतांचे गीतरामायण वर्षभर चालले. चूक झाली ती दुसरीकडे. लोकांना जे हवे ते आपण दिले नाही तर ते त्याशिवाय राहतील, असे सरकारने धरून चालले. श्रोत्याने गीतरामायणही ऐकले आणि काटा फिरवून कोलंबोही लावला. एकाच घरात, एकाच पेटीवर दोन्ही चालले आणि कुणालाही त्यात विसंगती वाटली नाही.

आता मुंबईची बाजू. रेडिओ सिलोनसाठी प्रायोजित कार्यक्रम बनवण्याचे काम रेडिओ अॅडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस ही खासगी संस्था करत होती. तिच्या मागे डॅनियल मोलिना नावाचे अमेरिकन गृहस्थ होते. निर्मितीची धुरा हमीद सयानी यांच्यावर होती. कामाची साखळी अशी: प्रायोजक कंपनी आपल्या जाहिरात एजन्सीमार्फत वेळ घेणार, मुंबईत संहिता लिहिली जाणार, निवेदन आणि गाणी ध्वनिफितीवर उतरणार, फितीची रिळे विमानाने कोलंबोला जाणार आणि ठरल्या दिवशी ठरल्या मिनिटाला एकल्याहून ती हवेत सुटणार. मुंबईत बोललेला शब्द समुद्र ओलांडून जायचा आणि दीडेक हजार किलोमीटरचा वळसा घालून परत मुंबईत, आपल्या कोकणात, सगळ्या देशात ऐकू यायचा. एखादे विमान चुकले, एखादे रीळ उशिरा पोचले तर तो आठवडा रिकामा गेला. ही साखळी वर्षानुवर्षे दर आठवड्याला न तुटता चालली, याचे मला गाण्यांहून जास्त कौतुक वाटते. दोन देशांच्या नभोवाण्यांमध्ये त्यासाठी कुठला मोठा करार नव्हता. होते ते वेळापत्रक, बिले आणि परस्परांवरचा विश्वास.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. टूथपेस्ट बनवणाऱ्या कंपनीने प्रायोजित केलेली बिनाका गीतमाला त्या दिवशी सुरू झाली. अनुभवी मंडळींना हा आठवड्याचा व्याप नको होता, म्हणून तो हमीद यांचे धाकटे भाऊ अमीन यांच्या गळ्यात पडला. संहिता लिहायची, निवेदन करायचे, आलेली पत्रे वाचायची, आणि या सगळ्याचे आठवड्याला २५ रुपये. वय जेमतेम विशीचे. सुरुवातीला कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. सात गाणी वाजवायची आणि त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा. बरोबर उत्तराला १०० रुपयांचे बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे आठवड्याची पत्रे ६५ हजारांवर गेली आणि ती वाचणे, छाननी करणे अशक्य झाले. मग स्पर्धा बंद करून १९५४ पासून गाण्यांची उतरंड लावायची पद्धत आली: रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती यांवरून. १९५३ च्या वर्षअखेरीला पहिले आले ते ‘अनारकली’तले लताबाईंचे गाणे. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर.

अमीन सयानींची भाषा लोकांना आपली का वाटली, याचे मूळ त्यांच्या घरात आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवत. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी, आणि लिप्या तीन: नागरी, उर्दू आणि गुजराती. अमीन त्या कामात लहानपणापासून हात लावत. नुकते वाचायला शिकलेल्या बाईला किंवा गिरणी कामगाराला कळेल असे वाक्य कसे घडवायचे, हे शिक्षण त्यांना तिथे मिळाले. खारेपाटातल्या, आयुष्यात हिंदीचे पुस्तक न उघडलेल्या माणसालाही त्यांचा शब्द न् शब्द कळायचा.

कोलंबोच्या स्टुडिओत बसून निवेदन करणारे वेगळे. विजय किशोर दुबे, गोपाल शर्मा, शिवकुमार सरोज, मनोहर महाजन ही भारतातून जाऊन बेटावर राहिलेली माणसे. पुढे पद्मिनी परेरा यांच्यासारख्या सिंहली बाईंनी हिंदी सेवा इतक्या मायेने सांभाळली की त्या परदेशी आहेत हे अनेकांना कळलेही नाही. मुंबईत चित्रपटातल्या मंडळींच्या मुलाखती घेणारा बलराज दत्त नावाचा तरुण निवेदक पुढे सुनील दत्त झाला.

आपल्याकडचे ऐकणे कसे होते? तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचे. रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि त्याची पुस्तिका पत्र्याच्या पेटीत घराच्या कागदांबरोबर जपून ठेवत. आधी व्हॉल्व्हचे मोठे रेडिओ आले. मर्फीचा कारखाना तर ठाण्यातच होता. आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाळीची एरियल ताणलेली असायची. वीज पेण-रोह्याच्या बाजारपेठेत होती, खेड्यांत नव्हती. त्यामुळे खेड्यांना रेडिओ खऱ्या अर्थाने मिळाला तो ट्रान्झिस्टर आल्यावर. चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर बांधावर, खळ्यावर, मिठागरावर सगळीकडे बरोबर. सेल उतरले की फेकायचे नाहीत. ते उन्हात ठेवायचे, आणि बुधवारची गीतमाला तेवढ्यावर निघून जायची.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत तर रेडिओ हा कारागिरांतलाच एक होता. मूर्तीचे काम हातांचे आणि डोळ्यांचे. कान रिकामे असतात. सकाळी शाडू मळण्यापासून रात्री रंगकामापर्यंत रेडिओ चालू. श्रावण लागला की रात्री जागून काम चाले आणि रात्री शॉर्टवेव्ह चांगली लागते. डोळ्यांची आखणी सुरू झाली की मात्र आवाज बारीक करायचा, कारण तिथे ब्रश हलला की मूर्ती गेली. सकाळी साडेसातला जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम लागे आणि त्यातले शेवटचे गाणे नेहमी सैगलचे. सैगल सुरू झाला की आठला पाच-सात मिनिटे कमी, हे घड्याळ न पाहता कळे. शाळेची घाई असलेल्या घरांत, एसटी पकडणाऱ्यांच्या घरांत सैगल ही वेळेची खूण होती.

दिल्लीने उत्तर दिले, पण सावकाश. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मांनी तिला घडवले आणि चित्रपटगीते सन्मानाने परत आणली. तरी जाहिरात नव्हती, म्हणून प्रायोजक कोलंबोतच राहिले. १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई-पुणे-नागपूर या महाराष्ट्रातल्या केंद्रांवर व्यापारी प्रसारण सुरू झाले, तिथे पारडे फिरले. जवळचे, खरखर नसलेले मीडियमवेव्ह केंद्र जाहिरात घेत असेल तर रिळे विमानाने पाठवायची कशाला? त्याच वर्षी जानेवारीत रेडिओ सिलोनचे महामंडळात रूपांतर झाले होते. १९७२ मध्ये देशाचे नाव श्रीलंका झाले. श्रोते मात्र ‘सिलोन’च म्हणत राहिले. एकेक प्रायोजित कार्यक्रम इकडे आला. गीतमाला सगळ्यांत शेवटी हलली. १९८९ मध्ये ती विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली.

इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. कोलंबो-मुंबईची ही भागीदारी प्रायोजक गेल्याबरोबर विरली, कारण ती फक्त प्रायोजकावर उभी होती. बेटावरच्या छोट्या केंद्रांना एकट्याने परवडत नाही हे जगात इतरांनीही ओळखले, पण त्यांनी वेगळी वाट धरली. कॅरिबियन समुद्रातल्या देशांनी १९७० मध्ये कॅरिबियन ब्रॉडकास्टिंग युनियन उभारली. सरकारी आणि खासगी दोन्ही केंद्रे तिचे सभासद, आणि बातम्या, क्रिकेट, कार्यक्रम यांची देवाणघेवाण हा तिचा नेम. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन १९६४ ची. जपानपासून फिजीपर्यंतची बेटे तिच्यात आहेत आणि भारत-श्रीलंकाही. तिचे एक काम आपल्या अगदी जवळ येऊन गेले. तिची विद्यार्थ्यांसाठीची यंत्रमानव स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात झाली आणि यजमान दूरदर्शनने विषय दिला तो दहीहंडीचा! देशोदेशीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी हंडीतले लोणी काढणारे यंत्रगोविंदा बनवले आणि चीनमधल्या शीआनच्या विद्यापीठाने स्पर्धा जिंकली. अशा संघटनांत मोहिनी नसते, बैठका आणि वर्गण्या असतात. पण प्रायोजक बदलला म्हणून त्या मोडत नाहीत. मुंबई आणि कोलंबो यांच्यात गीतमालेच्या भरात असे काही बांधले गेले असते तर दोन्हीकडच्या ध्वनिफितींची देवाणघेवाण आजही नियमाने चालू राहिली असती.

अशा सहकार्याची गरज गाण्यांपुरती नाही. २००४ च्या डिसेंबरातल्या त्सुनामीने श्रीलंकेचा किनारा उद्ध्वस्त केला, आणि त्यानंतर या सगळ्या भागातल्या नभोवाण्यांना आगाऊ सूचनेचे काम अंगावर घ्यावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, केबल तुटली आणि त्या देशाचा जगाशी संपर्क गेला. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ तर आपण अंगावर झेलले. खांब पडले, मोबाइलचे मनोरे गप्प झाले, कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. त्या दिवसांत ज्यांच्या घरी सेलवरचा रेडिओ चालू स्थितीत होता त्यांनाच बाहेरची बातमी कळली. पेण आणि रोहे तालुक्यांच्या आपत्ती आराखड्यांत प्रत्येक ग्रामपंचायतीने असा एक रेडिओ ठेवावा अशी तरतूद असावी, असे मला मनापासून वाटते.

पुन्हा गाण्यांकडे वळायचे तर, अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत वारले. गीतमालेच्या निवडक आठवणी त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित होऊन निघालेल्या आहेत. कोलंबोच्या केंद्राच्या संग्रहात जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांचा मोठा साठा आहे. त्यातल्या काही तबकड्या इथे शोधूनही मिळत नाहीत. भारतातल्या संग्राहकांनी त्या केंद्राशी पत्रव्यवहार ठेवून अनेक गाण्यांची माहिती मिळवली आहे.

आपल्या दोन तालुक्यांतले साहित्य अजून घराघरांत विखुरलेले आहे. पोस्टाच्या शिक्क्याच्या परवाना पुस्तिका, कोलंबोहून आलेली पोचपत्रे आणि ऐकल्याची खात्री देणारी चित्रकार्डे, श्रोता संघांची शिक्के मारलेली लेटरहेडे, गाण्यांचे आकडे लिहिलेल्या वह्या, घरी टेप केलेल्या कॅसेटी, कारखान्यातले रंगाचे डाग पडलेले ट्रान्झिस्टर. ज्यांच्याकडे यातले काही असेल त्यांनी ते देऊन टाकू नये, फक्त पाहायला आणि छायाचित्र घ्यायला द्यावे. वस्तूबरोबर ती कोणत्या गावची, कोणत्या वर्षाची, कोण वापरत असे, एवढे चार ओळींत लिहून द्यावे. स्मरणिकेच्या पुरवणी अंकाचे काम पावसाळ्यानंतर सुरू होईल.